खळ्यावरचे कोर्ट

नाताळच्या दिवशी घरी जेवण्याचे भाग्य धर्मगुरूच्या वाट्याला सहसा येत नाही. मध्यरात्रीची मिस्सा, सकाळच्या मिस्सा, अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियन, आणि मग धर्मग्रामातील कोणीतरी प्रेमाने आपल्या घरी ओढून नेतो. त्यामुळे आमचा घरचा नाताळ वर्षानुवर्षे २६ तारखेलाच होत आला आहे. २०२३ साली तो तसाच झाला. वहिनींनी आमच्यासाठी राखून ठेवलेले फुगे आदल्या दिवसाचे होते, पण चव उतरलेली नव्हती. जेवण आटोपले आणि हात पुसता पुसता आमच्या पुतण्याने टेबलावर एक कागद पसरला.

कागदावर एक आयत आखलेला होता. ४४ फूट लांब, २० फूट रुंद, मधोमध जाळीची रेघ. त्याच्याभोवती आणखी एक आयत, ५६ फूट बाय २८ फूट. "फादरकाका, मागच्या खळ्यावर बॅडमिंटनचं कोर्ट करायचं म्हणतोय," तो म्हणाला. त्याची अकरा वर्षांची मुलगी त्याच्या खांद्याआडून आमच्याकडे पाहत होती. ती शाळेच्या संघात खेळते. सरावासाठी आठवड्यातून तीन संध्याकाळी तिला वसई स्टेशनजवळच्या एका हॉलमध्ये न्यावे लागे. तासभराच्या खेळासाठी जाण्यायेण्यात दीड तास जात असे, आणि पावसाळ्यात तर किती जाईल याचा नेम नव्हता. पोर गुणी आहे. तिच्यासाठी घरच्या घरी कोर्ट व्हावे, हे ऐकून आम्हांला मनापासून आनंद झाला. आम्ही लगेच आमचे ज्ञानही पाजळले. हा खेळ १८७०च्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी हौसेने खेळत, तेव्हा त्याला 'पूना' म्हणत आणि त्याचे पहिले नियमही तिथलेच, हे आम्ही तिला सांगितले. "म्हणजे आपलाच खेळ की, फादर आजोबा," ती म्हणाली. एवढ्यावर सारे प्रसन्न झाले.

मग आम्ही कागद पुन्हा पाहिला. आयताच्या उत्तरेकडच्या टोकाला निळ्या पेन्सिलीने काहीतरी तिरके तिरके खरडलेले होते. "हे काय?" आम्ही विचारले. "ते बावखल," पुतण्या म्हणाला. "तिथे थोडी भर टाकावी लागेल."

आमचे खळे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. घराच्या मागच्या पडवीतून दोन पायऱ्या उतरले की ती सपाट जागा लागते. भाताची शेती होती तोवर दर दिवाळीनंतर ती नव्याने घडवली जाई. माती उकरायची, पाणी शिंपडायचे, चोपण्याने चोपून काढायची आणि शेणाने सारवायची. हे सारे आईचे काम. झोडणी संपली, पेंढा रचला गेला की उरलेला सारा उन्हाळा ते खळे आम्हा पोरांचे. विटी-दांडू, लगोरी, आट्यापाट्या सारे तिथेच. आट्यापाट्यांच्या रेघा आम्ही चुलीतल्या राखेने आखत असू. आता भात नाही, बैल नाहीत. त्या जागेवर काही वर्षे नुसते गवत होते. पश्चिमेच्या कडेला आईचे मोगऱ्याचे चार वाफे, आणि उत्तरेला, जिथे खळे संपते तिथे, बावखल.

वसईच्या वाचकाला बावखल म्हणजे काय हे सांगायला नको. पण आमच्याच घरातील धाकट्या पिढीला ते 'मागचं डबकं' झाले आहे हे आम्हांला त्या दिवशी कळले. पूर्वजांनी हातांनी खणलेले ते तळे. पावसाळ्यात गावभरचे पाणी पोटात घ्यायचे आणि उन्हाळ्यात रहाटाने वाडीला द्यायचे, हे त्याचे काम. केळी, पानवेली, भाजी, फुले यांचा हिरवा पट्टा ह्या पाण्यावर उभा राहिला. त्याचे दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. समुद्र इतका जवळ असताना आपल्या विहिरी गोड का राहिल्या? जमिनीत मुरलेले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर दाब ठेवून असते, म्हणून. वरून मुरणे थांबले किंवा उपसा वाढला की खारे पाणी वर सरकते. रहाट जाऊन इंजिने आली, इंजिने जाऊन विजेचे पंप आले, मग टँकर आले. बावखले मात्र कोणाच्या हिशेबात राहिली नाहीत.

ठेकेदार आधीच येऊन पाहून गेला होता. त्याचे म्हणणे सरळ होते. उघड्यावरचे कोर्ट उत्तर-दक्षिणच हवे, नाहीतर सकाळ-संध्याकाळ एका बाजूच्या खेळाडूच्या डोळ्यांत सूर्य जातो. हे खरेच आहे, सर्वत्र तसाच प्रघात आहे. उत्तर-दक्षिण घ्यायचे तर पडवीपासून बावखलाच्या काठापर्यंत जागा ४७ फूट आणि हवी ५६. म्हणजे ९ फूट बावखलात. पण नुसती ९ फूट भर टाकली तर काठ खचेल आणि काँक्रीट तडकेल. तेव्हा सगळेच भरून घ्यावे, डंपर स्वस्तात मिळतील, डासही जातील.

सातबाऱ्यावर आमचेही नाव आहे. धर्मप्रांताच्या धर्मगुरूला दारिद्र्याचे व्रत नसते, वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा राहतो. आम्ही तो कधी मागितला नाही, पण तलाठ्याच्या दप्तरातून नावही कधी कमी झाले नाही. दादाने आमचे मत विचारले ते त्या नावापोटी की आमच्या झग्यापोटी, कोण जाणे. आम्ही म्हणालो, "कोर्ट करा. बावखल भरू नका."

दादा आमच्याहून सहा वर्षांनी मोठा. इतर वेळी तो आम्हांला घरच्या लाडक्या नावाने हाक मारतो. रागावला की 'फादर' म्हणतो.

"फादर," तो म्हणाला, "नव्व्याण्णव साली तू भरलंस तेव्हा माझाच ट्रॅक्टर नेला होतास. तेव्हा ते चांगलं काम होतं. आता माझ्या दाराशी आलं तर पाप झालं?"

टेबलावर कोणी काही बोलले नाही. आई ताटातले दाणे वेचत बसली होती. आम्ही कॉफी न घेताच निघालो.

दादा म्हणाला ते खरे होते. ज्यांना ते ठाऊक नाही त्यांनी आमच्याकडूनच ऐकलेले बरे.

१९९९ साली आम्ही ह्याच तालुक्यातील एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. दीक्षा होऊन वर्ष झाले होते. अंगात जोर होता आणि युवकांसाठी काहीतरी 'करून दाखवण्याची' घाई होती. चर्चच्या मागे एक मोठे बावखल होते. केंदाळाने झाकलेले, काठावर कचरा, संध्याकाळी डासांचे मोहोळ. युवकांना व्हॉलीबॉलसाठी मैदान हवे होते. आम्ही हौजी लावली, लकी ड्रॉ काढला, घरोघर फिरलो आणि दोन महिन्यांत चाळीसएक डंपर माती त्यात लोटली. शेवटचे सपाटीकरण दादाच्या ट्रॅक्टरने झाले. संत जॉन बॉस्को यांचे नाव त्या दिवसांत आम्ही फार वापरले. तुरीनच्या वाल्दोको भागात १८४६ साली त्यांना पोरांसाठी एक शेड आणि खेळायला जागेची एक पट्टी मिळाली, आणि तिथून एवढे मोठे कार्य उभे राहिले, असे आम्ही प्रत्येक सभेत सांगत असू. त्यांनी ती जागा भाड्याने घेतली होती, कोणाचे पाणी बुजवले नव्हते, हा तपशील आमच्या भाषणातून दर वेळी गळत असे.

आणि हे कोणी केले? १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभारली, तेव्हा कॉलेजातली आमची पिढी मोर्च्यांत घोषणा देत चालत होती. त्यांत आम्हीही होतो. पाणी वाचवा म्हणून आमचा घसा बसला होता. दहा वर्षांनी त्याच घशाने आम्ही डंपरवाल्यांना हाका मारल्या. दोन्ही वेळा आपण समाजाचे भले करीत आहोत याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ह्या गोष्टीचे आम्हांला अजून नवल वाटते.

मैदानाच्या कडेला एक विधवा बाई राहत होत्या. डंपर येऊ लागले तेव्हा त्या एकदा आमच्याकडे आल्या होत्या. "फादर, माझी विहीर त्या पाण्यावर आहे," एवढेच म्हणाल्या. आम्ही त्यांना बसवले, सरबत दिले आणि विहीर आणि बावखल यांचा काही संबंध नसतो असे समजावून सांगितले. भूगर्भशास्त्र आम्ही कुठे शिकलो होतो? पण झगा घालून सांगितले की लोक ऐकतात. चारपाच वर्षांनी, आमची दुसरीकडे बदली झाल्यावर, त्यांची विहीर मचूळ झाल्याचे कानांवर आले. ती केवळ त्या बावखलामुळे झाली असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. आसपास इमारती आल्या होत्या, बोअर आल्या होत्या. जुलै २०१८ मध्ये नालासोपारा स्थानकातील रूळ पाण्याखाली जाऊन गाड्या बंद पडल्या. त्या आठवड्यात त्या मैदानाभोवतीच्या घरांतही गुडघाभर पाणी शिरले. तेही एका बावखलामुळे नव्हे. परंतु पूर्वी ते पाणी जिथे जाऊन थांबत असे ती जागा आम्ही भरली होती, हे तर नाकारता येत नाही.

जानेवारीत एका दुपारी आम्ही तिकडे गेलो. मैदानावर आता मोटारी लागतात. बाजूच्या हॉलमध्ये लग्ने होतात, त्यांची. व्हॉलीबॉलचा एक खांब अजून उभा आहे, त्याला दिव्यांची माळ बांधली होती. त्या बाई आता हयात नाहीत. त्यांच्या मुलाने आम्हांला ओळखले, आत बोलावले, चहा ठेवला. चहाचे पाणी त्याने निळ्या जारमधून घेतले. विहिरीवर पत्रा टाकलेला होता आणि पत्र्यावर कुंड्या.

आम्ही जे बोलायला गेलो होतो ते अडखळत बोललो. आयुष्यभर दुसऱ्यांचे पापनिवेदन ऐकणाऱ्याला स्वतःचे बोलताना शब्द सापडत नाहीत, हा अनुभव काही सुखाचा नाही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "फादर, त्या ग्राउंडवर मी पण खेळलोय. तालुक्याच्या फायनलला गेलो होतो आम्ही. सोडा ते." आणि थोड्या वेळाने, आम्ही उठताना, "आईला मात्र शेवटपर्यंत जारचं पाणी गोड लागलं नाही."

पुढच्या रविवारी संध्याकाळी आम्ही घरी गेलो तेव्हा भांडायचे नाही असे ठरवून गेलो होतो. दादाला म्हणालो, "तू म्हणालास ते खरं आहे. मी चुकलो होतो. तुझा ट्रॅक्टर मी नेला, तो दोष माझा." दादाने उत्तर दिले नाही. तो आत गेला आणि टेप घेऊन आला. आमच्या घरात समेट असेच होतात.

आम्ही तिघांनी, म्हणजे दादा, पुतण्या आणि आम्ही, पुन्हा मापे घेतली. पूर्व-पश्चिम आडवे घातले तर? पूर्वेच्या कुंपणापासून मोगऱ्याच्या वाफ्यांपर्यंत ४५ फूट. वाफे काढले तर ६२. म्हणजे कोर्ट बसते, पण दोन अडचणी उरतात, सूर्य आणि मोगरा. सूर्याविषयी पुतण्या नाराज होता, आणि त्याची नाराजी योग्य होती. ज्या खेळात उंच आलेले फूल नजरेने शेवटपर्यंत धरावे लागते, त्यात मावळतीकडे तोंड करून खेळणे म्हणजे शिक्षाच. शिवाय पश्चिमेचा वारा. बॅडमिंटन हा मुळात बंद दाराआडचा खेळ होऊन बसला तो वाऱ्यामुळेच. जागतिक बॅडमिंटन महासंघाने २०१९ साली उघड्यावरच्या खेळाचा वेगळा प्रकार आणि त्यासाठी वाऱ्यात टिकणारे वेगळे फूल पुढे आणले, पण आमच्या नातीला शाळेच्या स्पर्धेत खेळायचे आहे ते नेहमीचेच.

मोगऱ्याविषयी तर कोणी तोंडच उघडेना. त्या चार वाफ्यांतल्या कळ्या पहाटे खुडून आई दादरला पाठवीत असे. आमच्या सेमिनरीच्या वर्षांत गोरेगावला येण्याजाण्याचे भाडे, चपला आणि एकदा चष्मा, हे सारे त्या कळ्यांतून आले आहे. सत्त्याऐंशीव्या वर्षीही ती सकाळी वाफ्यांत बसते. आता फुले फक्त चर्चच्या वेदीसाठी जातात.

आई पडवीच्या पायरीवर बसून आमची मोजणी पाहत होती. टेप तिसऱ्यांदा गुंडाळला तेव्हा तिने विचारले, "काय अडलंय?" पुतण्याने भीत भीत सांगितले.

"मग काढा की वाफे," ती म्हणाली. "मोगरा कुठंही लावता येतो. पाणी लावता येत नाही."

आम्ही तिच्याकडे पाहिले. तिने ते कोणाला शिकवण्यासाठी म्हटले नव्हते. कोणत्या वाफ्याची माती चांगली आहे आणि ती न फेकता कुठे न्यायची, हे ती लगेच पुढे सांगू लागली होती.

काम मार्चमध्ये सुरू झाले. ठेकेदार दुसरा नेमला, तोही काही संत नव्हता. आधी दगडाचे सोलिंग, त्यावर मुरूम, पाणी मारून रोलरने दाबलेला, मग ४ इंच काँक्रीट. काँक्रीट सलग ओतले तर उन्हाळ्यात तडकते, म्हणून पंधरा चौकोन पाडून सांधे ठेवले. जाळीच्या खांबांसाठी लोखंडी पाइपाचे तुकडे काँक्रीटच्या आधी उभे करावे लागतात. ते तो विसरला आणि ताजे काँक्रीट फोडून पुन्हा बसवावे लागले. ती दोन ठिगळे आजही ओळखू येतात. खांबाशी जाळीची उंची ५ फूट १ इंच, मध्यभागी ५ फूट. हा एक इंचाचा फरक नातीने स्वतः पट्टी लावून तपासला.

सर्वांत महत्त्वाचा ठरला तो उतार. उघड्यावरच्या कोर्टाला दर १० फुटांना एक इंच उतार द्यावा लागतो, आणि तो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, म्हणजे दोन्ही खेळाडूंना सारखाच. आमच्या २८ फुटांत तो पावणेतीन इंच झाला. तो कोणत्या दिशेला द्यायचा? ठेकेदार सवयीने गटाराकडे देणार होता. दादा म्हणाला, "बावखलाकडे." त्या गवंड्याच्या पाणसळीवर तो दिवसभर उभा होता. काँक्रीटखाली झाकलेल्या जमिनीत आता पाणी मुरणार नाही, हे आम्ही त्याला सांगणार होतो, पण त्याने आमच्याआधीच हिशेब केला होता. एक इंच पाऊस पडला की त्या फरशीवरून साडेतीन हजार लिटरहून अधिक पाणी वाहते. ते सगळे बावखलात जावे आणि जाताना माती सोबत नेऊ नये, म्हणून काठाशी त्याने दगडगोट्यांचा एक चर भरून घेतला. बावखलातला गाळही एप्रिलमध्ये काढला. त्यात एक पितळी घागर सापडली. ती कोणाची यावर आई आणि वहिनी यांच्यात अजून एकमत नाही.

पश्चिमेच्या कडेला सुपारीची रोपे लावली आहेत. वाढली की ती सूर्यही अडवतील आणि थोडा वाराही. त्याला बरीच वर्षे लागतील आणि तोपर्यंत नात कदाचित खेळ सोडून परीक्षांच्या मागे लागलेली असेल, असे आम्ही म्हणालो. त्यावर पुतण्या रागावला. तूर्त घरात एक नियम आहे. बॅडमिंटनमध्ये तिसऱ्या गेममध्ये ११ गुणांवर बाजू बदलतात, आमच्या कोर्टावर प्रत्येक गेममध्ये बदलतात. सूर्य सगळ्यांच्या वाट्याला सारखा यावा म्हणून. तरीही हॉलच्या तोडीचा सराव होत नाही, हे मान्य केले पाहिजे. आठवड्यातून एक संध्याकाळ नातीला अजूनही स्टेशनकडे जावे लागते. उरलेल्या संध्याकाळी गल्लीतली सारी पोरे मागीलदारी असतात. आईचा मोगरा पूर्वेच्या कुंपणाशी हलवला. चार वाफ्यांपैकी एक जगला नाही.

२०२४च्या जून महिन्यात पहिला जोराचा पाऊस झाला, त्या संध्याकाळी आम्ही योगायोगाने घरी होतो. दादा पडवीत पाट टाकून बसला होता. फरशीवरून पाण्याचा पातळ पदर उत्तरेकडे सरकत होता आणि चरातून खळखळ करीत बावखलात उतरत होता. नुकत्याच आखलेल्या पांढऱ्या रेघा पाण्याखाली स्पष्ट दिसत होत्या. आम्हा दोघांनाही आट्यापाट्यांच्या राखेच्या रेघा आठवल्या असाव्यात, कारण दादा अचानक म्हणाला, "पहिल्या पावसात त्या वाहून जायच्या. ह्या जायच्या नाहीत." मग बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. पाऊस थांबला तसे बेडूक ओरडू लागले.

ह्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दोन दिवस राहायला गेलो होतो. संध्याकाळी खेळ रंगात आला असता वाऱ्याच्या झोताबरोबर फूल उंच गेले आणि थेट बावखलात पडले. कोणी थांबले नाही, कोणी हळहळले नाही. पडवीच्या कुडाला आंबे उतरवण्याचा झेला टेकवून ठेवलेला असतो. नातीने तो उचलला, काठावर गुडघे टेकून पुढे वाकली, आणि पाण्यावर तरंगणारी फुले एकामागून एक ओढून काढू लागली. एक आजचे, दोन कालची, एक बहुधा गेल्या आठवड्याचे. आई पायरीवरून मोजत होती, "अजून एक आहे बघ, त्या पानांखाली."